डावं दार

अहो, ते मशीन नका दाबू — पैसे खातं आणि कॉफीऐवजी गरम पाणी देतं, तेही त्याच्या मनात असलं तर. बसा इथे. नाही, इतकं कडेला नको, तुमच्या त्या टोकाला बाकाचा खिळा वर आलाय, माझी एक चांगली पँट गेलीय त्याच्यापायी. हां, एवढं ठीक. मी सांगून दमलो या लोकांना — पण धावपट्टीच्या कडेचं गवत कापायला यांना सवड नाही, खिळा कोण ठोकणार? तर तुम्ही काय विचारत होतात — आत्ता वर गेलं ते निळ्या पट्ट्याचंच का? तेच. तेच ते. एका इंजिनाचं, चार माणसांचं, वर पंखांचं. आणि माझं. म्हणजे अजून माझं नाही — पण जवळजवळ माझंच म्हणायचं, गेलं वर्षभर मी त्याच्यामागे आहे, त्याचा एकेक स्क्रू मला ओळखतो. आणि आज सकाळी एजंटचा फोन येतो — ‘साहेब, दुसऱ्या पार्टीची ट्रायल आहे आज. पसंत पडलं तर आजच घेणार. नंतर म्हणू नका सांगितलं नाही.’ पार्टी! कोण पार्टी म्हणून विचारलं, तर म्हणे गिऱ्हाइकाचं नाव सांगत नसतो. मोठा आलाय तत्त्वाचा! आलो तसाच धावत, बुटाची नाडीसुद्धा सिग्नलला बांधली — तर विमान आधीच वर.

आता मला सांगा, विमान म्हणजे काय भाजी आहे? देठ मोडून बघितला, टाकली पिशवीत? कोण असेल हा माणूस? मी सांगतो ना कोण असेल. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! असे मी बघितलेत इथे डझनाने. येतात, गॉगल लावतात, पंखाला टेकून फोटो काढतात, रंग आवडला म्हणतात — रंग! — आणि घेतात. मग पहिल्याच लँडिंगला पुढचं चाक आपटतात आणि ते विमान महिनाभर त्या शेडमध्ये नाक मोडून बसतं. आमचा साडू तसलाच. दुपारी जेवून उठला, सहज फिरायला म्हणून गेला, संध्याकाळी विमानाचा मालक. अभ्यास शून्य! वर मलाच म्हणतो, ‘भावजी, तुम्ही वाचा, आम्ही उडतो.’ हसतात सगळे. हसा. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असेल त्याने घ्यावं.

आमची पद्धत निराळी. तुम्हाला म्हणून सांगतो, तुम्ही नवीन दिसता — पहिला प्रश्न: पंख वर की पंख खाली? सगळी मेख इथे आहे. खाली पंख असले की दिसायला छान, ऐटबाज, पण दार एकच असतं बऱ्याचदा, तेही उजवीकडे, पंखावर चढून आत जायचं. म्हणजे चालवणारा आधी शिरणार आणि सगळ्यात शेवटी निघणार — उद्या आत धूर झाला तर? बायको आरामात उतरली आणि आपण आत! पंख वर असले की दोन दारं, सावली मिळते, खालचं सगळं दिसतं. डावं दार चालवणाऱ्याचं, उजवं सोबतच्याचं. डावी खुर्ची कप्तानाची, हे सगळीकडे सारखं, लक्षात ठेवा. आता तुम्ही म्हणाल, मग वर पंखवालंच घ्यावं. म्हणाल ना? इथेच फसतात लोक! वर पंखवालं वळताना ज्या बाजूला वळतंय तीच बाजू झाकतं. टाकी वर, म्हणजे पेट्रोल बघायला शिडी. वारा तिरका असला की जमिनीवर जास्त हेलकावे. म्हणजे दोन्हींत खोट आहे. मग इंजिन — जुन्या पद्धतीचं कार्ब्युरेटरवालं की इंजेक्शनवालं? एकाला दमट हवेत आत बर्फ धरतो, दुसरं तापलेलं असलं की सुरूच होत नाही, रुसतं. मग धातूचं की फायबरचं? धातूला गंज, फायबरला ऊन. नवीन घ्यावं तर खिसा नाही, जुनं घ्यावं तर कुणाच्या हातून आलंय देव जाणे. असं एकेक करत गेलं की... की काय? की वेळ लागतो. लागणारच!

आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं कुणी जेवलेलं नाही. सगळा अभ्यास तिथे मांडलाय, माहितीपत्रकं, नकाशे, एक तुटका प्रोपेलरचा तुकडाही आहे नमुन्याला. आमची ही उभ्यानेच जेवते, ओट्याशी. मुलगी लहान होती तेव्हापासून चाललंय, आता तिचं लग्न होऊन ती परगावी गेली — फोन केला की पहिलं विचारते, ‘बाबा, पंख कुठे पोचले, वर की खाली?’ आईवर गेलीय. टोमणे सगळे आईचे.

हो, धंद्यानेच मी असा. विम्याचा सर्व्हेअर आहे. आपटलेल्या गाड्या बघायच्या आणि पैसे का देऊ नयेत ते शोधायचं — म्हणजे नुकसान किती ते शोधायचं, पण एकूण एकच. खोट काढण्यात मला कुणी हरवायचं नाही. या निळ्या पट्ट्याचं मी काय काय काढलंय, ऐका. तिसऱ्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा कमी. उजवं टायर आतल्या बाजूने झिजलेलं. आत हवा येते त्या नळीला डाव्या अंगाने केसाएवढी चीर — ती तर इथल्या मेकॅनिकला पण दिसली नव्हती, पाना म्हणतात त्याला सगळे, तो बघतच राहिला. आणि डावं दार! ते साधं लागतच नाही. आधी जरा वर उचलायचं, मग ओढायचं, मग कमरेने एक ठोसा — टक्! की लागलं. हे कुणाला माहीत नाही. मालकालाही माहीत नसेल. मालक कोण, तर म्हणे दातांचा डॉक्टर, दुसऱ्या गावी असतो, मी कधी पाहिला नाही. दातांच्या डॉक्टरला काय कळतंय हो विमानातलं? जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलेला माणूस! त्याने ते विमान कसं ठेवलंय बघाल तर — बाहेरून चकाचक, आतून कीड. दाढेसारखंच.

तुम्ही माझ्या गालाकडे काय बघताय सारखे? सुजलाय का? थोडा ठणकतो, या बाजूने चावत नाही मी. बघू, दाखवू कुणाला तरी. दोन-चार डॉक्टरांची माहिती काढलीय, तुलना चाललीय.

बघा, वळलं. दिसलं? त्या पाण्याच्या टाकीच्या वर. वळण बरं घेतलंय, म्हणजे पानाच चालवत असणार. ट्रायलला तो बसतोच उजवीकडे, गिऱ्हाइकाने काही वेडेपणा केला तर सावरायला. हा गडी आत कडीला लोंबकळत असेल! नाचता येईना, म्हणेल अंगण वाकडं.

मी? मी उडवतो का? काय विचारणं झालं हे. म्हणजे परवाना... परवाना ही शेवटची पायरी आहे. आधी ज्ञान. शिकायला गेलो होतो की मी, मागे. पहिल्याच दिवशी मास्तर असा भेटला की काय सांगू — वर नेलं आणि म्हणतो, ‘सोडतो हं मी.’ सोडतो म्हणजे? विमान कुणी सोडतं? मी डोळे मिटले — उन्हाने, समोरून ऊन येत होतं — आणि पोटाचं जरा... सकाळी घाईत खाल्लं होतं. त्याच्या नकाशावर झालं सगळं. तो पुन्हा म्हणून माझा फोन उचलेना. अशा मास्तराच्या हाती जीव द्यायचा? त्यापेक्षा घरी शिकलेलं बरं. हसू नका, घरी शिकता येतं! दोन खुर्च्या गालिच्यावर शेजारी शेजारी मांडायच्या. डावीत मी, उजवीत ही. हातात मी पोळपाट धरतो — स्टिअरिंग हो! — आणि ही विचारणार, मी सांगणार. पेट्रोलचा नमुना काढून पाणी आहे का बघितलं? बघितलं. दोन्ही मॅग्नेटो, ठिणगीचे, एकेक करून तपासले? तपासले. दारं? लागली. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. सुरुवातीला हिची काय ती कुरकुर — माझे दुकानाचे हिशोब राहिलेत, माझी मालिका बुडते — औषधांचं दुकान आहे हिचं, चौकात, चांगलं चालतं — पण मग लागली गोडी. इतकी, की पुढे पुढे मी अडलो की उजव्या खुर्चीतून हीच सांगायची. मला पाठ होईना, हिला पाठ! बायकांचं पाठांतर चांगलं असतं, समज वेगळी गोष्ट. एकदा म्हणाली, ‘आज मी बसू का डावीकडे?’ म्हटलं, गाडी पार्क करताना गेटचा खांब दोनदा पाडलास, ती कप्तान होणार? तिने नंतर विषयच काढला नाही. काढेल कशाला, पटलं ना.

तशी गुणी आहे हो. वेंधळी आहे, पण गुणी. रोज सकाळी उठली की आधी गच्चीत जाते आणि आभाळ बघते, ढग कुठले, वारा कुठला. कशाला? तर म्हणे कपडे वाळत घालायचेत. एवढा अभ्यास कपड्यांसाठी! आणि दर रविवारी बहिणीकडे. नदीपलीकडे असते हिची बहीण, साडूची बायको — तोच तो, जेवून विमान घेणारा. तिकडे जाते आणि नाक लाल करून येते उन्हाने. विचारलं तर म्हणते, ‘मोकळ्यावर बसतो आम्ही.’ बसा. दोघी बहिणींना बोलायला घर पुरत नाही. आजही तिकडेच गेलीय, शनिवार असून. मी निघालो तेव्हा घरात कुणी नव्हतं, ओट्यावर चिठ्ठीसुद्धा नाही, आमटी तेवढी झाकून ठेवलेली.

काय म्हणालात? कुठली दाढ? वरची, मागची — तुम्हाला कसं... अक्कलदाढ? हे तुम्ही नुसतं गालावरून... अहो थांबा. थांबा थांबा. तुम्ही काय करता म्हणालात? म्हणाला नाहीत तुम्ही. मीच बोलतोय मघापासून. तुम्ही... हात्तिच्या! म्हणजे तुम्हीच! तुम्ही मालक! आणि गप्प बसून ऐकताय — दाढेसारखं म्हणालो तरी! नाही, मी शब्द मागे घेणार नाही, तिसऱ्या सिलिंडरचा दाब कमीच आहे, माफी मागितल्याने वाढणार नाही तो. पण बरं झालं. फार बरं झालं भेटलात. मधला एजंट नकोच आपल्याला. डॉक्टरसाहेब, मी तुम्हाला स्पष्ट सांगतो — हे विमान त्या पार्टीला देऊ नका. का म्हणजे? न्याय म्हणून काही आहे की नाही? वर्षभर मी आलोय, दर शनिवारी, पावसात आलोय, ताप असताना आलोय. त्या विमानाखाली मी पाठीवर झोपलोय! ह्याने काय केलं?

काय केलं? ... असं विचारलं? सकाळी आल्या आल्या पार्टीने पहिलं हेच विचारलं? तिसऱ्या सिलिंडरचं? आणि टायर? आतल्या बाजूने — आतल्या बाजूने म्हणून सांगितलं? आणि नळीची चीर सुद्धा, डाव्या अंगाची? तुम्हाला माहीतच नव्हती आणि तुम्ही त्यासाठी किंमत खाली आणलीत? माझ्या चिरेवर? डॉक्टर, हे माझं आहे! हे सगळं माझं आहे, हे त्या माणसाला कळलं कसं? पानाने फोडलं. दुसरं कोण? मी कुणाकुणाला बोललो — कुणालाच नाही. ऑफिसात नाही, साडूला तर नाहीच. घरी बोलतो तेवढाच. घरी बोलायचं नाही तर कुठे? घरी तर मी दार कसं लावायचं तेसुद्धा करून दाखवलंय, भांड्यांच्या कपाटावर — उचल, ओढ, ठोसा — पण ते घरी. पानाच तो. खाली उतरू दे, बघतो त्याच्याकडे.

ठरलंच म्हणता? सुखरूप उतरलं की सह्या? म्हणजे आता... इतक्यात? ऐका, डॉक्टर. ऐका माझं. थोडं थांबता येईल का? मी घेणार आहे हो. मी घेणारच आहे. मी फक्त अजून एकदा... काय बघायचं राहिलंय? राहिलंय काहीतरी. आठवत नाही आत्ता, पण राहिलंय. तुम्हाला नाही समजायचं. रोज संध्याकाळी मी घरी जातो, टेबलाशी बसतो, दिवा ओढून घेतो — त्या वेळी मी सर्व्हेअर नसतो. मी विमान घेणारा माणूस असतो. इथे सुद्धा सगळे विचारतात, ‘काय साहेब, घेतलं का?’ आणि मी म्हणतो, ‘घेतोय.’ त्या ‘घेतोय’मध्ये काय सुख आहे, काय सांगू तुम्हाला! घेतलं की मग कोण विचारणार? घेतलं की मग... मग बसावं लागतं त्याच्यात. डावीकडे. आणि तो म्हणणार, सोडतो हं मी. ... नको. म्हणजे तसं नाही, मला कसली भीती? तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी जात नाही तो कबुतरांमुळे. पण हे दुसऱ्या कुणाला गेलं तर मी टेबलावर काय मांडू? सांगा ना. दुसरं विमान शोधू? पुन्हा पहिल्यापासून, पंख वर की पंख खाली? — तसं करताही येईल म्हणा. नाही असं नाही.

ते बघा, आलं खाली. आलं. वारा बघा, तो कापडी बोंगा बघा कसा आडवा झालाय, चांगलाच तिरका आहे. आता बघा हं गंमत, आता आपटणार, आता नाक जाणार — तुमचं नुकसान होईल, मला वाईट वाटतंय, पण... अरे. अरे वा. वाऱ्याकडचा पंख खाली ठेवलाय. असंच हवं. असंच! आधी ते एक चाक... टेकलं. मग दुसरं. मग नाक, अलगद, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. वा! मी हिला तेच सांगत असतो, आधी वाऱ्याकडचं चाक, मग दुसरं, घाई करायची नाही. पानाचा हात आहे बरं का, मान्य करायला पाहिजे.

पाना नाही? ट्रायलला तो हात लावत नाही? नुसता बसतो? बरं. मग पार्टीला येतं म्हणायचं थोडंफार.

आलं, इकडेच वळतंय. पंखा थांबला. उजव्या दारातून... पानाच. हसतोय कशाला एवढा? बत्तीशी दाखवतोय, बघून घ्या डॉक्टर, तुमचं गिऱ्हाईक. आणि डावं दार... उघडलं. हे बूट. असले बूट आमच्याकडे पण आहेत, करड्या रंगाचे, हिने मागच्याच महिन्यात घेतले, म्हटलं दुकानात दिवसभर उभी असतेस, घे. आता बघा हं, दार लागणार नाही त्याला. ओढेल, ओढेल, आणि मग येईल मला विचारायला... उचललं. आधी उचललं. ओढलं. कमरेने...

डॉक्टर, हा ठोसा माझा आहे.

ही — ही इथे कशी? बहिणीकडे गेलीय ती. तुम्ही हात काय करताय तिला? ओळखता? म्हणजे तुम्ही मघापासून... मी तिच्याबद्दल खांब पाडला ते बोललो, वेंधळी म्हणालो, आणि तुम्ही दाढ बघत बसलात! नाक बघा, लाल. मोकळ्यावर बसतो म्हणे. केस बघा हेडफोनने कानावर दबलेत. वर्षभर माझ्याच घरात, माझ्याच उजव्या हाताला... काखेत कळसा आणि मी इथे बाकावर. इकडेच बघतेय. घाबरली पण नाही हो मला बघून. साधं दचकावं तरी माणसाने!

आता कुठे निघाली? पलीकडून वळसा घालून... उजव्या दाराशी. उघडलं. धरून उभी आहे. काय म्हणतेय? मला ऐकू येत नाही इथून. तुम्हाला येतंय? ‘या’ म्हणतेय? मला? तिकडे — उजवीकडे? ‘सह्यांच्या आधी एक चक्कर, माझ्याबरोबर’ म्हणतेय? छान दिसतेय नाही, तशी. किती दिवसांनी हसताना बघतोय असं. ओट्याशी उभी असली की पाठच दिसते ना.

नाही, जातो ना. जाणारच. न जायला काय झालं? फक्त वारा जरा... आणि पानाने टाकी बघितली का, पाणी असलं म्हणजे? आणि मी न खाता... म्हणजे खाऊनच आलोय, तेच तर. डॉक्टर, एक करा. तुम्ही पुढे व्हा आणि सांगा तिला, म्हणावं येतोय, उठतच होता, पँट अडकलीय खिळ्यात. सोडवतो आणि आलोच. चांगली पँट आहे, ओढून चालणार नाही...

काय? खिळा तुमच्या बाजूला आहे?